सात विहिरी आणि एक झिरा

नातवंडं मला विचारतात, आजी तुझं गाव कोणतं, आणि मी सावरखेड म्हटलं की त्यांचे वडील हसतात. कारण कागदोपत्री आमचं गाव वाईजवळचं. घर तिथे, कुलदेवत तिथे, माझा जन्मही तिथलाच. वऱ्हाडातल्या सावरखेडात आम्ही राहिलो उणीपुरी चार वर्षं, तीही परक्याच्या घरात. पण माणसाला शहाणपण जिथे येतं तेच त्याचं गाव, असा माझा हिशेब आहे. तो कुणाला पटत नसेल तर त्याने आपल्यापुरता वेगळा करावा. या वयात वाद घालायला मला फुरसत नाही.

माझे वडील शाळामास्तर. वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल बसून फार दिवस झाले नव्हते. नव्या शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती, म्हणून पुण्याकडची माणसं तिकडे जात. वडील आधी काही महिने अमरावतीस होते. तिथे अंबादेवीच्या देवळामागे एका खोलीत आम्ही दिवस काढले, आणि मग पूर्णा नदीकाठच्या या गावी त्यांची बदली झाली. अमरावतीहून दमणीत बसून निघालो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ आईच्या मांडीवर. आईने एवढी काळी जमीन कधी पाहिली नव्हती. दगड नाही, टेकडी नाही, नजर जाईल तिथवर काळंच काळं, आणि त्यावर कापूस फुटलेला. आई म्हणाली, "इथे पाटा-वरवंट्याला दगड तरी मिळेल का हो?" गाडीवान मागे न बघता म्हणाला, "दगड नाही भेटत, बाई. मानसं भेटतात."

आम्हाला बिऱ्हाड मिळालं ते पार्वतामायच्या घरात. पार्वतामाय म्हणजे चाळिशीची कुणबीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरी एकुलता एक मुलगा नामदेव आणि चांगली चार जोत शेती. शेत ती स्वतः बघायची. कमरेला लुगडं खोचून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहिली की सालदार विडी विझवत. आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मान वर करी. आमच्या वाईकडच्या कानांना ते बोलणं म्हणजे रोजचं भांडणच वाटे. पहिल्या आठवड्यात आईने वडिलांना विचारलं होतं, "या बाई आपल्यावर एवढ्या रागावतात कशाला?" त्या दिवशी पार्वतामायने फक्त एवढंच विचारलं होतं, "काहून वं मास्तरीनबाई, पोट्टं काहून रडून राह्यलं? भूक लागली असन त्याले!" आणि उत्तराची वाट न बघता भावाला उचलून स्वतःच्या घरात नेऊन दूध पाजलं होतं.

ते कापसाचे दिवस होते. कुठे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि त्यामुळे आमच्या दारातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. हे मला पुढे मोठेपणी कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की पहाटेपासून गाड्यांच्या घुंगरांचा आवाज थांबत नाही. रुईची बोंदरी लादलेल्या गाड्या एकामागे एक अकोल्याकडे जात. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात नव्या कोऱ्या घुंगरमाळा. घरोघरी कापसातली सरकी काढायच्या चरकीची कुरकुर आणि उडालेली रुई इतकी, की आई म्हणे आमटीतूनही तारच निघते. वेचणीच्या दिवसांत शाळेत पाच पोरं उरत. बाकीची आयांच्या मागे शेतात. वडील चिडत, पण मला सुट्टी मिळे आणि मीही पार्वतामायच्या शेतात जाई. बाया लुगड्याची ओटी करून दोन्ही हातांनी वेचत आणि तोंडाने गाणी म्हणत. त्या गाण्यांत नुसती गावांची नावं. माहेर अमुक, सासर तमुक, मधे नदी, नदीवर बाभूळ. दुपारी बांधावर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. तो ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी धुऱ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि सगळ्या बाया पोट धरून हसल्या. आज माझी सून मिरची जरा जास्त झाली की माझ्याकडे भीतीने बघते. तिला काय ठाऊक!

आता पाण्याचं. रोज सकाळी नामदेवची चुलतबहीण आमच्या ओट्यावर दोन हंडे पाणी आणून ठेवी. आईने किती वेळा सांगितलं, आम्ही भरू, पण पार्वतामाय ऐकेना. "तुमी पाव्हने हा. पाव्हन्यानं पानी भरू नाही." आम्ही वर्षभर पाहुणेच राहिलो. वडिलांना याचं फार कौतुक. ते भेटेल त्या प्रत्येक माणसाला सांगत, "पूर्णाकाठचं पाणी प्यायलंय का? अमृत हो, अमृत!" आणि तो माणूस गावचाच असला तर घसा खाकरून दुसरीकडे बघे. वडिलांना वाटे, विनय.

एकदा त्या चुलतबहिणीला ताप आला. पार्वतामाय शेतात. घरात पाणी संपलेलं. आईने मला कळशी देऊन समोरच्या विहिरीवर पाठवलं. मी पाणी आणलं, आईने तुरीची डाळ शिजत टाकली. एक घटका गेली, दोन गेल्या. डाळ जशीच्या तशी, बोटाने दाबली तर खडा. आई लाकडं घालून घालून थकली. शेवटी तिने डाळीला शिव्या घातल्या, वाण्याला शिव्या घातल्या, आणि आम्ही ताकभात खाल्ला. मी मात्र कळशीतलं पाणी चाखून बघितलं होतं. जिभेवर मीठ आलं. तशीच मी पार्वतामायच्या शेतावर गेले आणि विचारलं, "माय, विहिरीचं पाणी खारट का?"

तिने वेचणाऱ्या बायांकडे बघितलं, मला हाताला धरून बाभळीखाली नेलं आणि खाली बसवलं. "किस्ने," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा हळू ऐकला, "या गावात सात हिरी हायेत आन साती खाऱ्या. पूर्णेच्या दोन्ही अंगाले सारा मुलूखच खारा हाय. गोड पानी फक्त नदीतल्या झिऱ्यात. रेतीत खड्डा करा, वाटीवाटीनं पानी झिरपते, ते भरा. तुमच्या घरचे हंडे तिथूनच येतात." मी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही? तर म्हणाली, "पाव्हन्याले खारं पानी पाजू नाही आन खारं पानी हाय म्हनून सांगूबी नाही. कोनी सोयरीक घेऊन आलं का साऱ्या आळीतलं गोड पानी त्या घरी जाते. लगन लागेलोक पोरीकडच्यायले पत्ता लागू देत नाही. झिऱ्यावरून हंडे वाहाले आपली पोर कोन देईन? आन तुहा बाप तं कागदावर लिवते. कागदावर गेलं तं साऱ्या वऱ्हाडात जाईन. मंग माह्या नामदेवाले पोरगी कोन देईन, सांग?" मी म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. तिने माझ्याकडून गळ्याची शपथ घेववली आणि वर मूठभर बोरं दिली. मी ती शपथ पाळली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

कारण त्याच सुमारास वडिलांना शिक्षणखात्याचा कागद आला. प्रांतातल्या मास्तरांनी आपापल्या भागाचं वर्णन लिहून पाठवावं. भूगोल, इतिहास, चालीरीती, सगळं. ज्याचं उत्तम ठरेल ते छापून शाळाशाळांत लागेल. वडिलांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी पुण्याला नातलगांना पत्रं लिहिली की आपलं नाव पुस्तकावर येण्याचा योग आहे. मग सुट्टीच्या दिवशी घोड्यावर बसून ते गावंच्या गावं हिंडले. उत्तरेचा सातपुडा, त्यातलं मेळघाटाचं रान, दक्षिणेचा बालाघाट आणि मधला पयानघाट, हे सगळं त्यांनी मला ताटावर समजावलं. वरच्या कडेला भाकरीचा ढीग तो सातपुडा, खालच्या कडेला दुसरा ढीग तो बालाघाट, मधे आमटी ओतली ती पूर्णा. आई म्हणाली, आता पूर्णा पिऊन टाका, निवतेय.

इतिहास त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून गोळा केला. पूर्वी इथे हैदराबादकर आणि नागपूरकर अशा दोघांचा अंमल होता आणि एकाच शेतकऱ्याच्या दारात दोन्हीकडचे शिपाई येत, हे गावच्या पाटलांनी सांगितलं. रिद्धपूरला काळी वस्त्रं नेसलेले महानुभाव कसे राहतात, हे ते स्वतः पाहून आले. चालीरीतींचा भाग मात्र पार्वतामायने सांगितला. ती ओट्यावर बसून सरकी निवडी आणि वडील उंबऱ्याशी बसून टिपून घेत. कौंडण्यपूर अमरावतीकडेच, तिथली रुक्मिणी आमची पोर, म्हणून द्वारकेचा कृष्ण हा वऱ्हाडचा जावई, आणि जावयाला आमच्याकडे रोडगे खाऊ घालतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, वर तुपाची धार. मुलींची भुलाबाई कशी बसते, तिला खिरापत कसली, सगळं तिने सांगितलं. वडील म्हणत, "बाई, तुम्ही नसता तर माझं पुस्तक पोकळ झालं असतं." ती म्हणे, "मास्तर, तुमचं आपलं कायतरीच," आणि खूश होऊन आणखी सांगे.

पक्की प्रत मी लिहिली. माझं अक्षर वडिलांपेक्षा चांगलं होतं, हे मी आज बेधडक लिहिते कारण तसं तेच म्हणत. मुलीला लिहायला शिकवलं म्हणून गावात थट्टा व्हायची, पण वडील म्हणत, माझा लेखनिक बिनपगारी आहे. ते सांगत, मी लिही. आमच्या गावाच्या वर्णनाशी आले तेव्हा म्हणाले, "लिही. गावात सात विहिरी असून त्यांचे पाणी मधुर व विपुल आहे." माझा बोरू थांबला. ते म्हणाले, "काय झालं? विपुलच्या वेलांटीचा घोळ आहे का?" मी मान हलवली आणि लिहिलं. मधुर व विपुल. अक्षर छान आलं होतं. पान मात्र मी लगेच उलटलं.

वर्णन खात्याकडे पाठवल्यावर चार-सहा महिन्यांनी, पुढच्या कापसाच्या तोंडाशी, तहसिलीतून गावच्या पाटलांना हुकूम आला. सरकारी कागदपत्रांत सावरखेडचं पाणी उत्तम व मुबलक असल्याचं आढळतं, सबब कापसाच्या गाड्यांचा पडाव या हंगामापासून सावरखेडास नदीकाठी राहील. म्हणजे रोज दोनशे-तीनशे गाड्या, त्यांचे बैल, त्यांची माणसं, आणि ती सगळी नदीच्या पात्रात, बरोबर झिऱ्यांवर. माघात झिरा एका घराला दोन हंडे देताना घाम फोडत असे. त्यात बैल उतरले की पंधरा दिवसांत चिखल. मग गावाने प्यायचं काय? विहिरींचं?

त्या संध्याकाळी पार्वतामाय आमच्या दारात उभी राहिली. बसली नाही. "मास्तर, असं काहून लिवलं तुमी?" वडील गोंधळले. "जे आहे ते लिहिलं. सात विहिरी मी स्वतः मोजल्या." "मोजल्या," ती म्हणाली. "चाखल्या काय?" वडील माझ्याकडे बघायला लागले, मग आईकडे. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला ठाऊक होतं. पार्वताबाईंनी शपथ घातली होती." मी म्हटलं, "मलापण." कित्येक महिने एका चुलीशी बसून आम्ही दोघी मायलेकी एकच गुपित एकमेकींपासून लपवत होतो. एरवी हसू आलं असतं. वडील उठले, अंगरखा न घालताच बाहेर पडले आणि एकेका विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी प्याले. मी मागे मागे. प्रत्येक विहिरीशी ते तोंड वाकडं करीत आणि पुढच्या विहिरीकडे जरा आशेने चालत. सहा विहिरींचं पाणी त्यांनी चाखलं. सातवी महारवाड्यातली. तिथे ते लांब उभे राहिले आणि तिथल्या माणसांना विचारून घेतलं. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आज हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

रात्रीचं जेवण न करता वडिलांनी तहसिलीला लिहायला कागद घेतला तेव्हा पाटील आणि चार माणसं आली. पाटील भला माणूस, पण पोटच्या तीन मुलांची लग्नं व्हायची होती. "मास्तर, कागदावर नोका लिवू. तहसीलदारसाहेब पुढल्या आठवड्यात जागा पाहाले येऊन राह्यले. आमी तोंडी सांगून देतो. तोंडचं वाऱ्यावर जाते, कागद राह्यते." वडील म्हणाले, माझ्या पुस्तकातली चूक मीच दुरुस्त केली पाहिजे. पाटील म्हणाले, आठ दिवस थांबा. वडील थांबले.

तहसीलदार ज्या सकाळी आले, नेमके त्याच सकाळी मोर्शीकडचे सोनाजी पाटीलही आले. त्यांच्या मुलीची आणि नामदेवची सोयरीक जवळजवळ ठरत आली होती. त्यांच्या कापसाच्या गाड्या अकोल्याला चालल्या होत्या, वाटेत घर बघून जाऊ म्हणून उतरले. मोर्शीचा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याचा, तिथे हात-दोन हात खणलं की खळखळ गोड पाणी. पार्वतामायचा जीव टांगणीला लागला. चावडीपुढच्या निंबाखाली घोंगड्या अंथरल्या. तहसीलदार मधे, शेजारी मान म्हणून सोनाजी पाटील, समोर गाव. वडील एका बाजूला उभे आणि मी त्यांच्या मागे दौत-बोरू घेऊन. बायका दारादारांत. पाहुणे बसले तसं आमच्या गावच्या पाटलांच्या तोंडून सवयीने निघालं, "अरे, पानी आना रे!" आणि गावाने सवयीने आणलं. घासलेल्या तांब्यांतून, झिऱ्याचं, रात्रभर मडक्यात निवलेलं.

तहसीलदार घटाघटा प्याले आणि तांब्या खाली ठेवून म्हणाले, "वा! मास्तरांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे."

पाटलांनी खाली बघितलं. त्या रात्री आलेल्या चारही माणसांनी खाली बघितलं. तोंडी सांगणारं कुणी तोंड उघडेना, कारण शेजारीच सोयरा बसलेला. मग वडील पुढे झाले. "साहेब, मी लिहिलं ते चूक आहे. गावातल्या सगळ्या विहिरी खाऱ्या आहेत." तहसीलदारांनी भुवया चढवल्या. "मास्तर, मी आत्ता प्यायलो ते काय होतं? पडाव नको म्हणून गाव तुम्हाला पढवतं आणि तुम्ही सरकारी कागद फिरवता? ही नोकरी मुलांना खरं बोलायला शिकवण्याची आहे." वडिलांचा चेहरा असा झाला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. सगळं गाव तिथे होतं आणि एकही जण म्हणाला नाही की मास्तर खरं बोलतात. नोकरी जाणार, हे मला दहा वर्षांच्या पोरीला समजत होतं. पुस्तक तर गेलंच होतं.

मी ओरडले. शपथ, बोरं, काही आठवलं नाही. "ते पाणी झिऱ्याचं होतं! मधुर मी लिहिलं! मला ठाऊक होतं तरी मी लिहिलं!" आणि भोकाड पसरलं. तहसीलदार म्हणाले, "मुलीलाही पढवलंय वाटतं."

तेवढ्यात मागून पैंजण वाजले. पार्वतामाय पदर डोक्यावर घेऊन पुरुषांच्या बैठकीत चालत आली. तिच्या हातात पितळी तांब्या होता आणि तो तिने स्वतःच्या दारासमोरच्या विहिरीतून आत्ताच भरला होता, बाहेरून पाणी ठिबकत होतं. तिने नामदेवकडे एकदा बघितलं. मग तांब्या तहसीलदारांपुढे धरला. "साहेब, या गावात कोन्या पाव्हन्याले असं पानी आजलोक कोनं देल्लं नाही. मी देऊन राह्यले. पोर लबाड नाही आन मास्तरबी लबाड नाही. आमीच त्यायले सालभर गोड पानी पाजून लपवलं. प्या."

तहसीलदारांनी एक घोट घेतला आणि बाजूला तोंड करून थुंकला. मग त्यांनी गावच्या पाटलांना विचारलं, "सगळ्या अशाच?" पाटील म्हणाले, "साती, साहेब." तहसीलदारांनी वडिलांकडे बघून हात जोडले. मोठा माणूस होता, चूक कबूल करायला त्याला वेळ लागला नाही. कारकुनाला म्हणाले, पडावाला दुसरी जागा बघा, मास्तरांच्या वर्णनात शेरा लिहा. असा गावचा झिरा वाचला. आणि वडिलांच्या पुस्तकाऐवजी पुढे भलत्याच मास्तरांचं छापलं गेलं, तेही इथेच सांगून टाकते. वडिलांना त्याचं दुःख झालं, पण फार दिवस नाही.

पण त्या घटकेला कुणाचं लक्ष पडावाकडे नव्हतं. सगळं गाव सोनाजी पाटलांकडे बघत होतं. पार्वतामाय तशीच उभी होती, हातातला तांब्या खाली ठेवायचं विसरून. सोनाजींनी हात पुढे केला. "आना इकडं." आणि त्यांनी उरलेलं पाणी, सगळं, तोंड न वाकडं करता पिऊन टाकलं. मिशा पुसल्या. "माय, पानी तं खारंच हाय."

"हाय," पार्वतामाय म्हणाली. तिच्या त्या म्हशीला मान वर करायला लावणाऱ्या आवाजाचं नुसतं हवेत विरणारं काहीतरी झालं होतं.

"मंग ते दुसरं कुठून भरता?"

"नदीतून. झिऱ्यातून."

"दाखवा."

सगळं गाव नदीवर गेलं. आई कधी घराबाहेर अशी पडत नसे, तीसुद्धा भावाला कडेवर घेऊन आली. दरड उतरून रेतीत झिरे होते, एकेका घराचा एकेक, वर काट्याची फांदी झाकलेली. सोनाजींनी जोडे काढले, उकिडवे बसले आणि नारळाच्या नरोटीने हंड्यात पाणी भरायला लागले. थोडं भरलं की थांबायचं, झिरपलं की पुन्हा भरायचं. नामदेव पुढे झाला तर त्याला हाताने मागे सारलं. हंडा भरायला बराच वेळ गेला. भरल्यावर त्यांनी डोईच्या पागोट्याची चुंबळ केली, हंडा डोक्यावर घेतला आणि दरड चढायला लागले. मोर्शीचा पाटील, साठीचा माणूस, डोक्यावर बायकांसारखा हंडा. कुणाला हसायचं धैर्य झालं नाही. चढावर एकदा पाय घसरला, पाणी गालावरून ओघळलं, पण हंडा पडू दिला नाही. तसेच गल्लीतून पार्वतामायच्या दारापर्यंत चालत आले, हंडा तिच्या ओट्यावर उतरवला आणि धापा टाकत बसले.

आम्ही सगळे उभे. आई माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतत होती.

सोनाजींनी मान वर केली, नामदेवला जवळ बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळचा एक हंडा तू आनशीन, संध्याकाळचा एक माही पोर आनन. कबूल?"

"कबूल," नामदेव म्हणाला.

"मंग चालते," सोनाजी म्हणाले. "बोलवा बामनाले."

पार्वतामाय मटकन खाली बसली आणि माझ्या आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि माझी वाईची, सोवळ्याओवळ्याची आई तिला घट्ट धरून तिच्याबरोबर रडत राहिली.